उरते ती पुस्तिका

चित्रप्रदर्शन चार दिवसांत उतरते. मागे उरते ती त्याची पुस्तिका. १९४९ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'चे प्रदर्शन भरले. गोव्यातील साळगावच्या कॅथलिक कुटुंबात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४-२००२) यांनी तिच्या पुस्तिकेत आशय व तंत्र या दोहोंत कलावंताच्या पूर्ण स्वातंत्र्याचा पुकारा केला. रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे हे त्यांचे सोबती. त्याच वर्षी सोझा लंडनला गेले. पुढे गटही विखुरला. तरुणांचा तो निर्धार मात्र छापील शब्दांत टिकला.

आम्हा पनवेलकरांच्या कपाटांतही सणसोहळ्यांच्या, नाटकांच्या, चित्रप्रदर्शनांच्या पुस्तिका धूळ खात असतील. रद्दीत घालण्यापूर्वी त्यांतील नावे व तारखा वाचू या. आपला इतिहास लिहिणारा उद्या त्याच शोधीत येईल.