पंडिता रमाबाई, दुष्काळ आणि कृपा

पंडिता रमाबाईंबद्दल माझ्या शाळेच्या पुस्तकात चारेक ओळी होत्या. संस्कृत विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, अमेरिका प्रवास, धर्मांतर. मार्कांपुरतं तेवढं पुरतं. पण त्यात 1897 साल नव्हतं, आणि मला रमाबाई कळू लागल्या त्या याच सालापाशी.

1896 चा पाऊस फसला. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेश आणि पूर्व विदर्भाच्या भागात, माणसं अन्नावाचून मरू लागली. रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून यायचा, तोही दहा वर्षांच्या बोलीवर, आणि ती मुदत संपत आली होती. त्यात 1893 चा वाद झालेला. मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेला बसू दिलं म्हणून ‘केसरी’ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. नवीन काही अंगावर घ्यायची ही वेळ नव्हती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर आधीच भरलेला असताना कोणी आणखी लोड टाकायला सांगितलं, तर आम्ही सरळ ‘नाही’ म्हणतो आणि तेच शहाणपण समजलं जातं.

रमाबाई मात्र मध्य प्रांतात गेल्या.

भुकेशी त्यांची ओळख जुनी होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्रांत पुराण सांगत हिंडायचे, घरदार सोबत. 1870 नंतरच्या वर्षांत दक्षिणेत उपासमार आली, तेव्हा या विद्वान कुटुंबाला ना मजुरी येत होती, ना भीक मागता येत होती. होतं नव्हतं ते विकून झालं, मग रानातला पाला आणि फळं. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. पुढे दुष्काळावर लिहिताना त्यांनी हे सगळं सांगितलं आहे, आणि विशेष म्हणजे स्वतःची कीव न करता.

आता श्रद्धेचं. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्या आज्ञाधारक ख्रिस्ती कधीच नव्हत्या. तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांची पत्रांमधून झालेली भांडणं वाचण्यासारखी आहेत. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हाही त्यातला एक मुद्दा! नंतर त्यांनी स्वतःच लिहिलं, की धर्म आपल्याला आधी मिळाला, ख्रिस्त बराच उशिरा, 1891 च्या सुमारास. या काळात त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं. माणसांपुढे हात न पसरता, फक्त देवाकडे मागून अनाथाश्रम चालवणारा हा माणूस. मी श्रद्धावान नाही, त्यामुळे मला हे आधी भाबडं वाटलं. मग लक्षात आलं, की रमाबाईंच्या बाबतीत या विश्वासाने एक अगदी व्यावहारिक काम केलं. ‘जागा नाही’ हे उत्तर त्यांच्यासाठी शेवटचं राहिलं नाही.

मध्य प्रांतात त्यांनी सरकारी मदत छावण्या पाहिल्या. भुकेल्या मुलींवर टपलेली माणसं पाहिली. काही महिन्यांत सुमारे 300 मुली आणि तरुण विधवा त्यांनी आणल्या. इकडे पुण्यात प्लेग. शहरात माणसं वाढवायला बंदी आली. मग पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला घेतलेली शेतजमीन कामाला आली. तंबू, कच्च्या झोपड्या, उघडं माळरान. 1898 पासून तिथे मुक्ती सदनाच्या इमारती उभ्या राहिल्या.

याच धामधुमीत, मे 1897 मध्ये, रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांना कसं वागवतात ते उघड केलं. त्यांचीच एक मुलगी त्या व्यवस्थेत सापडली होती. सरकार ख्रिस्ती, लिहिणारीही ख्रिस्ती, तरी पत्र गेलं. गव्हर्नर सँडहर्स्टना ते अजिबात रुचलं नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण कृपा म्हटली की आपल्याला मवाळपणा आठवतो.

मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात ‘कृपा’ म्हणजे लायकी न बघता मिळालेलं दान. केडगावला ते कसं दिसत होतं? आलेल्या मुली आजारी, अंगावर उवा-खरूज, उपासमारीने चिडलेल्या, अन्न दिसलं की झडप घालणाऱ्या. त्यांना न्हाऊ-माखू घालायचं काम शारदा सदनातल्या थोरल्या मुलींकडे आलं. यातल्या बऱ्याच जणी उच्चवर्णीय घरांतल्या विधवा, आणि आलेल्या मुली वेगवेगळ्या जातींच्या. 1897 साली हे काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी तिथे वेगळं घर उभं राहिलं. त्याचं नाव कृपा सदन.

उपाशी मुलींना अन्नाबरोबर धर्म दिला, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. मुक्तीत बऱ्याच जणींचे बाप्तिस्मे झाले, हे खरंच आहे, आणि वाढणाऱ्या हातापुढे भुकेल्या पोरीचा होकार किती मोकळा असतो, हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण आक्षेप घेणाऱ्या पुण्यातून त्या मुलींना आणायला किती जण गेले, हेही विचारावं लागतं. दोन्ही प्रश्न मी शेजारी शेजारी ठेवतो. एकाने दुसरा खोडला जात नाही.

1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. रमाबाईंची मुलगी मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवू लागली. आईनंतर संस्था तीच बघणार, हे ठरल्यासारखंच होतं.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत भाषांतर करण्याचं काम त्यांनी कित्येक वर्षं चालवलं होतं. त्या पुन्हा त्याच कामाला बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. पुस्तक नंतर केडगावच्याच छापखान्यात छापून निघालं, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्या बायकाच होत्या.