काकूंचा रिपोर्ट आणि हृदयातले दाणे

मागच्या महिन्यात काकूंना रात्री धाप लागली. दम्याचा जुना त्रास, त्यामुळे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की छाती भरली असणार. डॉक्टरांनी मात्र रक्ताची एक तपासणी करायला सांगितली, एनटी-प्रोबीएनपी. आकडा भलताच वाढलेला आला. मग एको झाला, आणि दुखणं फुफ्फुसाचं नसून हृदयाचं आहे हे कळलं. शुद्धीवर... म्हणजे मूडवर आल्यावर काकूंनी विचारलं, "अरे, हृदय काय रक्तात चिठ्ठी टाकतं की काय?"

प्रश्न इतका नेमका होता की उत्तर शोधायला बसलो आणि दोन रात्री गेल्या.

हार्वेने 1628 साली रक्ताभिसरण समजावून सांगितलं, तेव्हापासून हृदय म्हणजे पंप हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पंप बिचारा काय बोलणार? हुकूम सोडायचे ते इतरांनी. 1898 मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेड आणि बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडात रक्तदाब वाढवणारं रेनिन सापडलं. 1953 मध्ये अल्डोस्टेरॉन हाती लागलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी ते बनवते. रेनिनमुळे अल्डोस्टेरॉन वाढतं, अल्डोस्टेरॉनमुळे शरीर मीठ धरून ठेवतं आणि मिठामागोमाग पाणी. थोडक्यात, साठवा म्हणणारे दोघे सापडले होते. "आता पुरे" म्हणणारं कोणी आहे का, हा प्रश्न उरला होता.

गंमत अशी की त्याच्या दोन खुणा एकाच वर्षी, 1956 मध्ये, पुढे आल्या. ब्रुनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत (शाळेत आपण अलिंद म्हणायचो ते) बारीक दाणे दिसले. असे दाणे संप्रेरकं बनवणाऱ्या ग्रंथींत असतात, पंपात कशाला असतील? आणि हेन्री, गाउअर व रीव्ह्ज यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवला, तर लघवी वाढली! त्याचं स्पष्टीकरण तेव्हा मज्जातंतूंत शोधलं गेलं, आणि ते अगदीच चूक होतं असंही नाही. पण दाणे आणि फुगा यांची गाठ पडायला पंचवीस वर्षं लागली.

ती घालून दिली आडोल्फो दे बोल्ड यांनी. अर्जेंटिनात शिकलेला हा माणूस कॅनडातल्या किंग्स्टनला येऊन वर्षानुवर्षं ते दाणेच बघत बसला. (आपल्याकडे अशा माणसाला "दुसरं काही काम नाही का?" असं विचारतात.) उंदरांचं मीठ-पाणी कमीजास्त केलं की दाण्यांचं प्रमाणही बदलतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग 1981 चा तो प्रयोग. त्यात टोरांटोचे मूत्रपिंडतज्ज्ञ सॉनेनबर्ग सोबत होते. उंदरांची अलिंदं वाटून तो अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांतच लघवी दहापट झाली आणि त्यातून जाणारा सोडियम तीसपटीहून अधिक. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा, म्हणजे निलयांचा अर्क दिला तर काहीच नाही.

मग प्रयोगशाळांची झुंबड उडाली. 1984 मध्ये जपानमध्ये कांगावा आणि मात्सुओ यांनी माणसातल्या या संप्रेरकाची रचना उलगडली: 28 अमिनो आम्लांची साखळी, नाव एएनपी. त्याच सुमारास त्याची कामंही कळत गेली. अलिंद ताणलं की ते सुटतं, मूत्रपिंडाला मीठ सोडायला लावतं, रेनिनला आवरतं आणि अधिवृक्क ग्रंथीला थेट गाठून अल्डोस्टेरॉन बनवणं कमी करायला सांगतं. म्हणजे ज्याला आपण हमाल समजत होतो तो कारभाऱ्यांना दम देत होता.

काकूंच्या रिपोर्टातलं बीएनपी त्याचंच भावंड. ते 1988 मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं म्हणून नावात 'ब्रेन' आलं. मुख्यतः ते बनतं हृदयाच्या निलयांत हे नंतर कळलं, तोवर नाव चिकटलं होतं! एनटी-प्रोबीएनपी हा ते तयार होताना सुटणारा निकामी तुकडा, पण मोजायला सोयीचा.

इथे मी अडकलो. काकूंचं हृदय एवढ्या चिठ्ठ्या पाठवत होतं, तर पाय सुजले कसे? उत्तर वाचून वाईट वाटलं. हृदय थकलं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी येतं, आणि मूत्रपिंड समजतं की शरीरात पाणीच कमी आहे. मग रेनिन आणि अल्डोस्टेरॉन असा काही आरडाओरडा करतात की हृदयाचा आवाज बुडून जातो. त्यातून नेप्रिलायसिन नावाचं विकर या चिठ्ठ्या फाडत असतं. त्याला अडवणारं आणि शिवाय रेनिनच्या साखळीलाही आवर घालणारं जोड-औषध 2014 च्या मोठ्या चाचणीत जुन्या औषधापेक्षा सरस ठरलं. काकू सध्या तेच घेताहेत. दे बोल्ड 2021 मध्ये गेले, म्हणजे हे औषध आलेलं त्यांनी पाहिलं.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस ते ओरडत होतं, आणि मी दम्याचा पंप ओढत बसले." मला काय बोलावं सुचेना.

लोणच्याची बरणी त्यांनी स्वतःहून शेजारी देऊन टाकली. पापडाचं घोंगडं अजून भिजत पडलंय. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात.