न निवडलेल्याला मोक्ष हवासा वाटतो का?



दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मंदिरात येणं बंद केलं. गुडघे दुखतात, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. एका दुपारी आम्ही दोघी मूग निवडत बसलो होतो. मध्येच म्हणाल्या, "अगं, माझा जीव अभव्यच असणार. मग अभिषेक बघितला काय आणि न बघितला काय!"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. भव्य म्हणजे ज्याच्यात मोक्षाला जाण्याची योग्यता आहे तो जीव आणि अभव्य म्हणजे ज्याच्यात ती कधीच नाही तो, हे आपण पाठशाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. घरातलं माणूस तो शब्द स्वतःला लावून घेतं तेव्हा काय बोलायचं, हे पाठशाळेत कुणी शिकवलेलं नसतं.

उत्तर शोधता शोधता मी पार जिनिव्हा, हॉलंड आणि इंग्लंडपर्यंत जाऊन पोचले. पुस्तकातूनच, अर्थात. जाऊबाईंचाच प्रश्न तिथल्या ख्रिस्ती लोकांना शतकानुशतकं छळत होता. देवानं ज्यांना निवडलेलंच नाही, त्यांना उद्धार हवासा वाटू शकतो का? आणि वाटला, तर देव त्यांना दारातून परत पाठवतो का?

सुरुवात जॉन कॅल्व्हिनपासून करते. हा फ्रान्समध्ये १५०९ साली जन्मला, कायदा शिकला आणि पुढे जिनिव्हा शहरात धर्मसुधारक म्हणून स्थिरावला. त्याच्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ती १५३६ ची आणि शेवटची, वाढवलेली, १५५९ ची. त्यात तो म्हणतो की कुणाला तारायचं आणि कुणाला नाही, हे देवानं जग निर्माण करण्याआधीच ठरवलं आहे. पुढे कोण चांगलं वागेल हे बघून नव्हे, केवळ स्वतःच्या इच्छेनं. हा विचार त्याच्या आधी हजारएक वर्षं संत ऑगस्टिननं मांडला होता. हा निर्णय थरकाप उडवणारा आहे, हे कॅल्व्हिनला स्वतःलाही मान्य होतं. तरी त्याच्या दृष्टीनं त्यात दिलासा होता. माझा उद्धार माझ्या डळमळत्या प्रयत्नांवर अवलंबून नाही, तो देवाच्या हातात सुरक्षित आहे, असा.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं आहे असं समजू नका. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात राहून गेलेल्या जॉन नॉक्सनं ही शिकवण स्कॉटलंडला नेली. तिथून प्रेस्बिटेरियन चर्च वाढलं, अमेरिकेत गेलं आणि त्याच परंपरेतले मिशनरी कोल्हापूरला आणि मिरजेला आले. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्यांचंच. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली माणसं तिथं बरी झाली. त्या डॉक्टरांच्या चर्चचं मूळ या कठीण सिद्धांतापर्यंत जातं, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता मूळ प्रश्न. कॅल्व्हिनच्या परंपरेनं त्याचं उत्तर दोन भागांत दिलं.

पहिला भाग असा की सुख सगळ्यांनाच हवं असतं आणि नरक कुणालाच नको असतो. बायबलमध्ये बलाम नावाच्या माणसाची गोष्ट आहे. त्याला मरण सज्जनासारखं हवं होतं, पण जगणं सज्जनासारखं नको होतं. अशी इच्छा न निवडलेल्यालाही होते. ती फळाची इच्छा आहे, देवाची नव्हे.

दुसरा भाग महत्त्वाचा. स्वतःच्या पापाचा खरोखर वीट येणं आणि फळासाठी नव्हे तर देवासाठीच देव हवा असणं, ही इच्छा माणसाच्या बिघडलेल्या मनात आपोआप उगवतच नाही. ती उगवली तर देवानंच पेरली असं समजायचं. म्हणजे एखादा माणूस अंतःकरणापासून दार ठोठावतोय आणि देव आत यादी बघून "तुझं नाव नाही" म्हणतोय, असं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं, ते त्यांच्या मते चुकीचं आहे. यादीत नसलेला माणूस त्या दाराशी तसा येतच नाही.

वाचून मला बरं वाटलं. जाऊबाईंना हेच सांगावं असं ठरवलं. पण पुढे वाचलं आणि अडखळले.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला विल्यम पर्किन्स नावाचे धर्मोपदेशक होते. ते १६०२ मध्ये वारले. "आम्ही निवडलेले आहोत हे ओळखायचं कसं?" असं लोक त्यांना विचारत. त्यांनी १५९७ मध्ये मोहरीच्या दाण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. श्रद्धा मोहरीएवढी असली, अगदी श्रद्धा असावी एवढी नुसती खरी ओढ असली, तरी ती कृपेची सुरुवात आहे, असा त्याचा आशय. पण त्याच पर्किन्सनी आधी एक मोठा तक्ताही छापला होता. एका बाजूला निवडलेल्यांची वाट, दुसऱ्या बाजूला नाकारलेल्यांची. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे तो तक्ता मला जमा-नावेसारखा वाटला. गोम अशी की नावेच्या बाजूलाही थोडा प्रकाश, थोडी गोडी, थोडा काळ टिकणारी श्रद्धा अशा नोंदी आहेत. नंतर ते सगळं विझतं. नाकारलेल्यांनाही कधी कधी निवडलेल्यांसारखंच वाटतं, असं खुद्द कॅल्व्हिननंही लिहिलं होतं.

म्हणजे दोन्ही बाजूंना नोंदी सारख्याच दिसतात आणि ताळेबंद शेवटच्या दिवशीच कळणार. ज्याचं मन मुळातच घाबरट, त्याची झोप उडवायला एवढं पुरेसं आहे.

हॉलंडमध्ये यावरून मोठा वाद पेटला. लायडनचे प्राध्यापक आर्मिनियस यांच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे मांडले. कोण विश्वास ठेवणार हे देव आधीच जाणतो आणि त्यांनाच निवडतो, असा त्यांचा रोख. त्यांचा निवाडा करायला डॉर्ड्रेख्त गावी नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ अशी धर्मसभा भरली. दीडशेहून अधिक बैठका झाल्या, इंग्लंड-जिनिव्हाहूनही प्रतिनिधी आले आणि आर्मिनियसचा पक्ष हरला. यात राजकारणही भरपूर होतं. त्या पक्षाला आसरा देणारे वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा सभा संपल्यावर चारच दिवसांनी शिरच्छेद झाला. विद्वान ग्रोटियस यांना जन्मठेप झाली. पुढे १६२१ मध्ये त्यांच्या बायकोनं त्यांना पुस्तकांच्या पेटाऱ्यात बसवून किल्ल्याबाहेर काढलं!

इतक्या कडक सभेनं केलेल्या नियमांत पहिल्या प्रकरणाचं सोळावं कलम मात्र मायेनं लिहिलेलं आहे. ज्यांना आपल्यात बळकट श्रद्धा जाणवत नाही, पण देवाकडे वळावंसं मनापासून वाटतं, त्यांनी नाकारलेल्यांची चर्चा ऐकून घाबरू नये आणि स्वतःला त्यांत मोजू नये. साधना चालू ठेवावी, असा त्याचा भाव. म्हणजे त्यांच्याकडेही कुणाच्या तरी जाऊबाई होत्याच.

आता ज्या माणसानं मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं, त्याच्याकडे येते. इंग्रज कवी विल्यम कूपर, जन्म १७३१. सहा वर्षांचा असताना आई गेली. वकिली शिकला, पण १७६३ मध्ये एका नोकरीसाठी सगळ्यांसमोर परीक्षा द्यावी लागणार या धास्तीनंच त्याचं मन कोसळलं. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. डॉ. कॉटन या भल्या माणसाच्या इस्पितळात तो सावरला आणि तिथंच बायबल वाचताना आपला उद्धार झाला अशी त्याला खात्री वाटली. पुढे तो ओल्नी गावी मेरी अनविन या विधवा बाईंच्या घरी राहिला. तिथले धर्मगुरू जॉन न्यूटन एके काळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते, नंतर पालटले. दोघांनी मिळून लिहिलेल्या प्रार्थनागीतांचं पुस्तक १७७९ मध्ये निघालं.

त्याआधीच, जानेवारी १७७३ मध्ये, कूपर पुन्हा कोसळला. त्याच वर्षीच्या १ जानेवारीच्या उपासनेसाठी न्यूटननी 'अमेझिंग ग्रेस' हे आज जगभर गायलं जाणारं गीत लिहिलं होतं. देवाची कृपा कुणालाही गाठते, असं एक मित्र लिहीत होता आणि त्याच महिन्यात दुसऱ्याला वाटू लागलं की ती फक्त आपल्याला सोडून सगळ्यांना आहे. देवानं आपल्याला कायमचं टाकलं आहे, ही कूपरची समजूत मग कधी गेलीच नाही. त्यानं चर्चमध्ये जाणं सोडलं. आपल्याला प्रार्थना करायचासुद्धा अधिकार नाही, असं तो मानायचा.

गंमत म्हणजे, आणि ही दुःखाची गंमत आहे, कॅल्व्हिनच्या शिकवणीप्रमाणे हे शक्यच नव्हतं. एकदा खरोखर तारलेला माणूस पुन्हा टाकला जात नाही, हा त्या मताचा पायाच आहे. कूपरला नियम माहीत होता. तो म्हणे, नियम बरोबर आहे, मी एकटाच अपवाद आहे. याला तर्क काय करणार? न्यूटन हे आजारपण आहे हे ओळखून होते. त्यांनी वाद फार न घालता कूपरला वर्षभराहून जास्त आपल्या घरी ठेवून घेतलं.

कूपर त्यानंतर सत्तावीस वर्षं जगला. सशाची तीन पिल्लं पाळली, त्यांतल्या दोघांना मुलींची नावं ठेवली आणि तिन्ही निघाले नर. पिंजरे बनवले, काकड्या लावल्या. मेरीबाईंनी लिहायला बसवलं, मोठी काव्यं झाली. गुलामगिरीविरुद्ध त्यानं लिहिलं, शिकारीविरुद्ध लिहिलं, साधा किडाही विनाकारण चिरडू नये असं लिहिलं. आपल्याला तर ही ओळखीची भाषा! मेरीबाई १७९६ मध्ये गेल्या आणि तो १८०० मध्ये. शेवटच्या दिवसांतही कुणी देवाच्या कृपेचा दिलासा दिला, तर त्याला तो ऐकवत नसे.

मला वाटतं, ज्याला देव नकोच आहे तो देवानं टाकलं म्हणून सत्तावीस वर्षं कशाला झुरेल? त्याचं झुरणंच त्याच्या बाजूनं साक्ष देत होतं. फक्त त्याला स्वतःला ती साक्ष ऐकू येत नव्हती.

आता आपल्याकडे वळते. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवत्व, भव्यत्व, अभव्यत्व हे पारिणामिक भाव सांगितले आहेत. ते कुणी दिलेले नाहीत, कर्माच्या उदयानंही आलेले नाहीत. आपल्याकडे निवडणारा कुणी नाही, म्हणून रुसायलाही कुणी नाही. प्रा. पद्मनाभ जैनी यांच्या भव्यत्वावरच्या इंग्रजी निबंधाच्या शीर्षकातच ख्रिस्ती लोकांचा 'पूर्वनियती' हा शब्द आहे, तेव्हा ही तुलना करणारी मी काही पहिली नाही.

आणि बलाम आपल्याकडेही आहे. आचार्य कुंदकुंदांनी समयसाराच्या बंध अधिकारात सांगितलंय की अभव्य जीव व्रतं, समिती, गुप्ती सगळं पाळू शकतो, शास्त्रंही वाचू शकतो. पण त्याची धर्मावरची श्रद्धा भोगासाठी असते, कर्मक्षयासाठी नसते. त्या पुण्यावर तो वरच्या ग्रैवेयक स्वर्गापर्यंत जातो, पण सम्यग्दर्शन त्याला होत नाही. स्वर्ग हवा, मुक्ती नको. जिनिव्हाकडचं उत्तर आणि हे उत्तर किती जवळचं आहे बघा.

श्वेतांबर परंपरेतले नवव्या शतकातले आचार्य शीलांक आचारांगाच्या टीकेत आणखी पुढे जातात. मी भव्य की अभव्य, ही शंकाच मुळी अभव्याला येत नाही, असं ते म्हणतात.

हे मी जाऊबाईंना उत्साहानं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि माझी शंका नुसती नरकाच्या भीतीपोटी असेल तर?" पर्किन्सच्या तक्त्यावर मी अडखळले होते, नेमक्या तिथंच त्यांनी बोट ठेवलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाई!

तेव्हा मी वाद घालणं थांबवलं. त्यांना कूपरची गोष्ट सांगितली, सशांसकट. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, कारण त्यांची झोप आणि भूक कित्येक महिने गेलेली होती आणि आम्ही घरातले सगळे ते गुडघ्यांच्या खात्यावर टाकत होतो. तेवढी चूक माझीही.

शास्त्रात अभव्याला कितीही शिजवला तरी न शिजणाऱ्या मुगाची उपमा देतात. असा गणंग दाणा पन्नास वर्षांत माझ्या दाताखाली कितीदा आला असेल! पण निवडताना तो मला कधीच ओळखता आलेला नाही. कच्चा असताना सगळा मूग सारखाच दिसतो. खडा काढता येतो, गणंग काढता येत नाही. म्हणून आपण सगळाच मूग भिजवतो आणि सगळाच शिजायला टाकतो. कोण कुठला हे केवलीच जाणे. निवडायचं काम आपलं नाही, दुसऱ्याचं नाही आणि स्वतःचंही नाही.

हे मी जाऊबाईंना म्हणाले तेव्हा त्या हसल्या नाहीत. पण हातातला मूग खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघतेस?"

गोळ्या चालू आहेत. गुडघे खरंच दुखतात, म्हणून आम्ही रिक्षानं जातो. काही दिवस त्या अभिषेक बघतात, काही दिवस नुसत्या खांबाला टेकून बसतात. मी शेजारी बसते.