‘कॉन्व्हेंटिकल’ : एका बदनाम शब्दाची कुळकथा

‘कॉन्व्हेंटिकल’ म्हणजे गुप्त किंवा बेकायदा धर्मसभा, असा अर्थ इंग्रजी शब्दकोश देतात. मुळात या शब्दात ना गुप्तता होती, ना धर्म. लॅटिनमध्ये ‘कॉन्व्हेंतुस’ म्हणजे सभा आणि ‘कॉन्व्हेंतिकुलुम’ म्हणजे लहानशी सभा. (आपल्या ‘कॉन्व्हेंट’ शाळा याच कुळातल्या.) ज्या मानवी वस्त्यांना पुढे राज्ये म्हटले गेले, त्यांच्यासाठी सिसेरोने हाच शब्द योजला होता.

इ. स. ३११ मध्ये सम्राट गॅलेरियसने ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवणारे फर्मान काढले आणि त्यांना आपली ‘कॉन्व्हेंतिकुला’, म्हणजे सभास्थाने, पुन्हा उभारण्याची मुभा दिली. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म राजमान्य झाला. त्यानंतरच्या रोमन कायद्यांत हाच शब्द पाखंडी ठरवलेल्या पंथांच्या सभांना उद्देशून येतो. सत्ता पालटली, तसा शब्दाचा रोखही पालटला.

इंग्लंडमध्ये तर तो थेट कायद्याचे नाव बनला. चार्ल्स दुसऱ्याच्या काळात १६६४ साली ‘कॉन्व्हेंटिकल अ‍ॅक्ट’ आला. घरच्या माणसांखेरीज सोळा वर्षांवरील पाच जण राजमान्य चर्चच्या रीतीबाहेर उपासनेला जमले, की तो गुन्हा! पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच पौंडांपर्यंत दंड. तिसऱ्या वेळी सात वर्षे समुद्रापार हद्दपारी किंवा शंभर पौंड. म्हणजे चार पाहुणे आले तर प्रार्थना, पाचवा आला तर अपराध. १६७० च्या सुधारित कायद्याने दंडाचा तिसरा हिस्सा खबऱ्यांना देऊ केला. शेजारीच असा पैशाच्या आशेने कान लावून बसला, तर लोक दारे लावून घेणारच.

क्वेकर पंथीयांना मात्र लपणे मान्य नव्हते. ऑगस्ट १६७० मध्ये लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरील त्यांचे सभागृह सैनिकांनी अडवले, तेव्हा विल्यम पेनने भररस्त्यात प्रवचन सुरू केले. बेकायदा जमाव जमवल्याचा आरोप त्याच्यावर व विल्यम मीडवर आला. ज्युरी त्यांना दोषी ठरवेना, म्हणून तिला अन्नपाण्यावाचून कोंडले गेले, दंडही झाला. तरी निर्णय बदलला नाही. पुढे बुशेल या ज्युरी सदस्याच्या खटल्यात, निर्णयासाठी ज्युरीला शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

१६८९ च्या सहिष्णुता कायद्याने प्रॉटेस्टंट विरोधी पंथांना सभेची मोकळीक मिळाली. तिच्यातही एक अट होती : सभा चालू असताना दाराला कडी-कुलूप नको.