कागदाला साक्षीदार कोण?



कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूला लागली की पहिलंच लहानसं स्टेशन येतं, विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. या भागात राहणाऱ्या कितीतरी माणसांची शेती अजून गावाकडे आहे आणि बिऱ्हाड इथं भाड्याच्या खोलीत. म्हणजे जिवापाड जपायचे कागद दोन : गावचा सातबारा आणि इथला भाडेकरार. पूर्वी हे कागद ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी असायचे. आता ते मोबाइलमध्ये असतात. भाडेकराराला यंत्रावर अंगठा उठवायचा, दुय्यम निबंधक आपल्या कचेरीत बसून संगणकावर सही करणार, आणि करार येणार तो पडद्यावर. मग घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, "अरे, पण याच्यावर सही कुठाय? कोर्टात चालेल का हा?"

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला त्याचं नीट उत्तर द्यायला बरीच वर्षं लागली, आणि शेवटी ते मिळालं आपल्या जालन्याच्या एका खटल्यात. पण त्याआधी थोडं मागं जाऊ या.

शिवकालीन पत्रं आपण पुस्तकांतल्या छायाचित्रांत पाहिली असतील. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा, आणि मजकूर संपतो तिथं आणखी एक लहान मुद्रा : "मर्यादेयं विराजते". म्हणजे लिखाणाची मर्यादा इथं झाली. हेच मोर्तब. माथ्यावरचा शिक्का सांगे की पत्र कोणाचं. शेवटचं मोर्तब सांगे की याच्यापुढं कोणी एक ओळ घुसडली तर ती खोटी. आपण आजही "शिक्कामोर्तब झालं" असं सहज बोलून जातो, पण त्या जोडशब्दात दोन निरनिराळ्या शंका आणि त्यांची दोन उत्तरं आहेत. लिहिलं कोणी? आणि नंतर त्यात कोणी हात घातला नाही ना?

इंग्रजी अमदानीत १८७२ साली भारतीय पुरावा कायदा आला. त्यात दस्तऐवजाची व्याख्या मोठी ऐसपैस केलेली होती. धातूच्या पत्र्यावर किंवा दगडावर कोरलेला लेखसुद्धा दस्तऐवजच, असं उदाहरण त्या कायद्यातच दिलेलं होतं. म्हणजे आपला ताम्रपट नि शिलालेख दोन्ही कोर्टात उभे राहू शकत होते. अडचण आली ती मागाहून, पुसता येणाऱ्या वस्तूंची. दगड पुसून कोरा करता येत नाही, ध्वनिफीत येते. १९६७ साली मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ केल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढं आला होता. लपवून ठेवलेल्या यंत्रावर ते संभाषण टिपलं होतं. न्यायालयानं ध्वनिफीत पुरावा म्हणून घेतली, पण बजावलं की फीत पुसून पुन्हा वापरता येते, तेव्हा ती जपून पारखावी. रेडिओवाल्यांना हे वेगळं सांगायला नको!

मग संगणक आला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारकायदा आयोगानं १९९६ साली इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा एक नमुना कायदा केला, आणि त्याच्या आधारानं आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलात आहे. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं : एखादी गोष्ट लेखी हवी असं कायदा म्हणत असेल, तर ती संगणकावर असली आणि पुन्हा पाहता आली तरी चालेल, सही हवी असेल तर डिजिटल सही चालेल.

ही डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो काढून चिकटवलेला नव्हे, बरं का. तिथंच पुष्कळांची फसगत होते. संगणक सगळ्या मजकुराचा हिशेब करून एक आकडा काढतो. मजकुरातला एक काना बदलला तरी तो आकडा पार बदलतो. सही करणाराजवळ एक गुप्त किल्ली असते, तिनं तो आकडा बंद करायचा. तिच्या जोडीची दुसरी किल्ली उघड असते, तिनं कोणीही तो तपासून पाहायचा. किल्ली कोणाची, याचा दाखला सरकारमान्य प्रमाणन संस्था देते. म्हणजे शिक्का नि मोर्तब, दोन्ही एका फटक्यात. गुरुजींनी वर्गात सांगायचं तर हे शिवाजी महाराजांच्या पत्रावरून सांगावं, मुलांना पटकन उमजेल.

सहीचं असं निभावलं. पण ज्याच्यावर सहीच नाही, त्याचं काय? कॅमेऱ्यातलं चित्रण, फोनची नोंद? त्यासाठी पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घातलं. संगणकातली नोंद तबकडीवर किंवा कागदावर काढून आणलीत, तर ते यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्यानं प्रमाणपत्र द्यायचं. वाचायला सोपं. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र नसलं तरी चालेल. २०१४ साली म्हणालं, नाही, पाहिजेच. २०१८ साली पुन्हा दोर सैल सोडला. खालच्या कोर्टांनी करायचं काय?

इथं जालना येतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं की, २७ सप्टेंबरला अर्ज भरायची वेळ दुपारी तीनपर्यंत होती आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर पडले. पुरावा? निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रण. तबकड्या मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र काही दिलं नाही. यंत्र सरकारचं, कचेरी सरकारची, आणि प्रमाणपत्र आणायचं मात्र फिर्यादीनं! उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ साली अधिकाऱ्याची कोर्टातली साक्षच प्रमाणपत्रासारखी मानली आणि निवडणूक रद्द ठरवली.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला. त्यांनी सांगितलं की, मूळ यंत्रच कोर्टात आणून दाखवलं तर प्रमाणपत्र नको; नक्कल आणली तर पाहिजेच, तोंडी साक्ष त्याच्या जागी चालणार नाही. पण माणसानं मागायचं तेवढं मागितलं, कोर्टाकडूनही हुकूम मागितला, आणि तरी ज्याच्या हाती यंत्र आहे तो देत नसेल, तर त्या माणसाला अडवू नये. अशक्य गोष्ट करायला कायदा कोणाला लावत नाही. जालन्याची निवडणूक रद्दच राहिली. अर्थात त्या विधानसभेची मुदत तोवर संपून गेली होती! माझ्या मते या निकालातला दुसरा भाग साध्या माणसाच्या अधिक उपयोगाचा. बँकेचा कॅमेरा किंवा फोन कंपनीचा संगणक आपल्या घरी नसतो. तेव्हा मागणी लेखी करावी, लवकर करावी, आणि तिची पोच ठेवावी. कॅमेऱ्यातलं चित्रण फार दिवस राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. तिथं हे कलम ६३ वं आहे. प्रमाणपत्राचा नमुना सोबत छापलेला आहे, आणि मघाशी सांगितला तो मजकुराचा आकडाही त्यात लिहावा लागतो.

आता सातबाऱ्याकडे येऊ. तलाठ्यांच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या, डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात मिळू लागला. पंधरा रुपये फी. तरीही पुष्कळ ठिकाणी "यावर तलाठ्याचा शिक्का आणा" असं ऐकावं लागे. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल खात्यानं परिपत्रक काढून तो सरकारी, बँकेच्या नि कोर्टाच्या कामाला ग्राह्य असल्याचं स्पष्ट केलं. एक मात्र ध्यानात ठेवा. डिजिटल सही असते ती फाइलीत. कागदावर छापून घेतलं की उरतं ते तिचं चित्र. म्हणून छापील उताऱ्यावरचा चौकोनी कोड आणि सोळा आकडी पडताळणी क्रमांक बघून सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी, आणि फाइल पुसून टाकू नये.

आणि त्या ट्रंकेतला एक कागद अजून ट्रंकेतच राहू द्या. मृत्युपत्र. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं ते आपल्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. मोबाइलवर लिहून मुलांना धाडलेलं मृत्युपत्र चालायचं नाही. त्याला अजून कागद लागतो, शाईची सही लागते, आणि ती केलेली पाहणारे दोन जिवंत साक्षीदार लागतात.