निशाणी नांगर

साल 1880. तू दहा वर्षांचा, नगर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावचा. भाकरी बांधून तू आज्याच्या मागे भल्या पहाटे नगरची वाट धरली आहेस. सावकारानं दावा लावलाय, 74 रुपयांचा.

शहरात शिरल्यावर निजामशाहीतला चंगीझखानाचा वाडा लागतो. तिथे आता जिल्हा न्यायाधीशांची कचेरी भरते. आज्याचं काम तिथलं नाही. एवढ्याशा रकमेचा दावा सब-जज्जापुढेच चालतो.

आज्या घाबरलाय, आणि त्याला तसंच कारण आहे. कोर्ट म्हणजे जप्ती, एवढंच त्याला आजवर ठाऊक. शेजारच्या तात्याला आपल्यावर दावा झाल्याचं कळलं ते बेलिफ दारात उभा राहिला तेव्हा. समन्स पोचलंच नव्हतं. तारखेला हजर नाही म्हणून हुकूमनामा एकतर्फी झाला आणि बैल गेला. त्या वेळी कोर्टात कर्जाचं खत दाखवलं की पुरे होई. त्यातला आकडा कसा वाढला, हे सहसा कुणी विचारत नसे.

म्हणून 1875 च्या मे महिन्यात लोक उठले. सुरुवात झाली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला (आपल्या पारनेर तालुक्यातलं सुपा वेगळं), मग लोण श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जतपर्यंत आलं. लोकांनी सावकारांकडून खतं घेतली आणि जाळली. सरकारनं चौकशी नेमली, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला.

पुकारा होतो. तू आज्याचा पंचा धरून आत जातोस. उंचावर सब-जज्ज रावसाहेब, खाली कारकून, समोर सावकार. वकील दोन्हीकडे नाही, कारण या कायद्याखाली शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात सहसा वकील चालत नाही. याचा मला फार आनंद वाटतो. आज्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच तोंडून बोलायला मिळतं.

कारकून खत पुढे करतो. तू टाचा उंचावून बघतोस. मोडी अक्षरांच्या दाट ओळी, आणि खाली एका कोपऱ्यात रेघांचा वेडावाकडा नांगर. आज्याला लिहिता येत नाही. नांगर हीच त्याची सही.

"ही निशाणी तुमचीच?"

"माझीच, रावसाहेब."

जुन्या दिवसांत काम इथेच संपलं असतं. रावसाहेब मात्र पुढे विचारतात, "पहिले रुपये किती घेतले होते?"

आज्या मान वर करतो. "पंचवीस. बैलासाठी. सहा सालं झाली."

मग हिशेब उलगडायला लागतो. 25 रुपये, शेकडा दरमहा दोन व्याज. दावा लावायची मुदत तेव्हा तीन वर्षांची, म्हणून तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून 43 रुपयांचं नवं खत झालं. ते साल दुष्काळाचं, 1877. आज्या नाही म्हणणार कसा? त्या 43 वर पुन्हा व्याज, आणि आज 74. दोन सुगीत सावकाराच्या घरी घातलेली ज्वारी कुठेच जमा नाही. रावसाहेब सावकाराला वही उघडायला लावतात. आज्यानं निशाणी कबूल केली असली, तरी मुळापर्यंत जाऊन तपासायचं हे कायद्याचंच सांगणं आहे. व्याजावर व्याज धरायचं नाही, दिलेलं सगळं वजा करायचं.

हुकूमनामा होतो 33 रुपयांचा, तोही हप्त्यानं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं या कायद्यानं बंद केलंय.

पुढे सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला लागले. कायदा पुरा पडला नाही. तरी कर्जदाराला उभं करून आकड्याचा उगम विचारायचा, हे बंधन मला त्या काळातलं फार मोठं काम वाटतं.

आजच्या आईबापांना एक विनंती. आपल्याकडे दिवाणी दाव्याची सुनावणी खुल्या न्यायालयात होते. सर्वसाधारणपणे कुणीही मागच्या बाकावर बसून ती ऐकू शकतं. शाळेला सुट्टी आणि कोर्ट चालू असा एखादा दिवस बघा, मोबाइल बंद करा आणि पोरांना तासभर तिथे बसवा. बाहेर आल्यावर त्यांना विचारा, न्यायाधीशांनी कुणाला काय विचारलं?