माहेरची वाट सीमेपलीकडे



आज एका वाटेचा इतिहास ऐकू या. अमृतसर ते लाहोर हे अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या अंतरावरच्या बाजाराला जाऊन बाई दिवे लागायच्या आत घरी येते. पण या दोन शहरांच्या मधून देशाची सीमा जाते.

१९४७ साली फाळणी झाली. एका घरातली माणसे दोन देशांत वाटली गेली. पहिल्यांदा ये-जा बरीचशी मोकळी होती. १९४८च्या जुलैपासून परवाना लागू लागला, १९५२च्या ऑक्टोबरपासून पासपोर्ट आणि व्हिसा. मग १९६५चे युद्ध झाले आणि राजस्थानातला मुनाबाव ते खोखरापार हा रेल्वेमार्ग बंद पडला.

त्याचा फटका बायकांना कसा बसला पाहा. सिंधमध्ये उमरकोटच्या बाजूला सोढा राजपूत राहतात. आपल्याच कुळात लग्न करायचे नाही अशी त्यांची रीत. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक राजस्थानात होत आली. मार्ग बंद झाल्यावर बाडमेरच्या सुनेला सिंधमधले माहेर गाठायचे, तर आधी उत्तरेला पंजाबात जायचे, तिथून सीमा ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा तेवढेच खाली यायचे. तो मार्ग पुन्हा उघडला २००६च्या फेब्रुवारीत. म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी! तोवर किती आया लेकीची वाट बघत गेल्या असतील.

मधल्या काळात, २२ जुलै १९७६ रोजी, अमृतसर-लाहोर समझौता एक्सप्रेस सुरू झाली. १९९९ साली दिल्ली-लाहोर बस आली. विमान तासाभरात पोहोचवी, बसला सगळा दिवस जाई. तरी साध्या घरातल्या माणसांना गाडी आणि बसच परवडे. भाचीच्या लग्नाचे कपडे, मिठाई, म्हाताऱ्या मावशीची औषधे, असे बोचके घेऊन विमानात कोण बसणार?

बस सुरू झाली त्याच वर्षी कारगिलचे युद्ध झाले. सरकारांमधली बोलणी थांबली. अशा वेळी, मार्च २०००मध्ये, भारतातल्या महिलांचा एक गट शांततेचा निरोप घेऊन बसने लाहोरला गेला. पुढे होत्या निर्मलाताई देशपांडे. निर्मलाताई आपल्या नागपूरच्या, मराठी घरातल्या. तरुणपणी विनोबाजींच्या भूदान पदयात्रेत त्या हजारो किलोमीटर पायी चालल्या होत्या. पायाखाली जमीन असली की माणसे भेटतात, हे त्यांना नव्याने शिकायचे नव्हते. त्याच वर्षी पाकिस्तानातल्या महिलाही वकील अस्मा जहांगीर यांच्यासोबत बसने दिल्लीला आल्या. आहेर आला, परतीचा आहेर गेला.

म्हणून सगळे सुरळीत झाले का? नाही. २००१च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि गाडी, बस दोन्ही थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या. २००७ साली पानिपतजवळ समझौता एक्सप्रेसमध्ये स्फोट होऊन ६८ माणसे गेली, त्यांतली बरीचशी पाकिस्तानी, घरी परतणारी. गाडी तरीही चालू राहिली. पण ऑगस्ट २०१९मध्ये दोन्ही गाड्या आणि बस, सगळेच बंद झाले. राजस्थानात दिलेल्या काही सिंधी मुली लग्न लागूनही दोन वर्षे सासरी येऊ शकल्या नाहीत. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकीही बंद झाली. व्हिसा मिळालाच, तर ज्याच्याकडे पैसा आहे तो दुबईमार्गे विमानाने जाऊ शकतो. पन्नास किलोमीटरसाठी समुद्र ओलांडायचा!

देशाची सुरक्षा महत्त्वाचीच. हल्ल्यांत ज्यांची माणसे गेली त्यांचे दुःख लहान नाही. पण वाट बंद होते तेव्हा तिची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याला विमान परवडते तो वळसा घालून पोहोचतो. जिच्या पदरात फक्त बसच्या तिकिटाचे पैसे आहेत, तिचे माहेरच तुटते.

पुढच्या बैठकीत यावर बोला. गावची एसटी बंद होते तेव्हा आधी कोणाचे जाणे थांबते, तेही आठवून पाहा. उत्तर फारसे वेगळे निघणार नाही.